स्टार्टरच्या डब्यात दारे धरली आहेत का?



या अंकात आडसाली लागणीच्या बेणेप्रक्रियेवर लिहावे असे ठरले होते. लेख अर्धा लिहूनही झाला होता. तो पुढच्या अंकासाठी ठेवून आम्ही आज एका वेगळ्याच विषयावर लिहीत आहोत. विहिरीवर, बोअरवर, नदीकाठी आपल्या मोटारीचा जो विजेचा डबा असतो, त्याविषयी. मेन स्विच, फ्यूज, स्टार्टर आणि त्यातून इकडेतिकडे निघालेल्या तारा, एवढाच हा विषय. आमचा डिप्लोमा शेतकीचा. विजेतले आम्हाला जे थोडेफार कळते ते गेल्या काही महिन्यांत कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातील मंडळींच्या मागे लागून शिकलेले आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय का काढला, ते आधी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही एका गटात फिरत होतो. बरोबर आमचे ॲग्री ओव्हरसियर होते. एका जुन्या सभासदांच्या विहिरीवर थांबलो. त्यांना सगळे गाव तात्या म्हणते. वीज आली तसे तात्या मोटारीच्या खोलीत गेले, कोपऱ्यातली वेळूची काठी घेतली आणि काठीच्या टोकाने स्टार्टरचे हिरवे बटण दाबले. आम्ही विचारले, "तात्या, काठी कशाला?"

"डबा चावतोय सायेब. लई न्हाई, मुंग्या येत्यात नुसत्या. म्हून काठी ठिवलीया."

आम्ही हसलो, ओव्हरसियरही हसले. मग हुमणीविषयी बोललो, खताचा हप्ता विचारला आणि पुढच्या वस्तीवर गेलो.

त्यानंतर श्रावणात पावसाने ताण दिला. दुसऱ्या एका गटात विजेची रात्रीची पाळी होती. एका सभासदांचा तेवीस वर्षांचा मुलगा उसाला पाणी पाजायला गेला होता. मोटार चालू असतानाच खोलीतला बल्ब गेला. का गेला ते बघायला तो चिखलाच्या पायांनी, अनवाणी खोलीत आला आणि अंधारात चाचपडताना त्याचा हात स्टार्टरच्या डब्यावर पडला. पहाटे धाकटा भाऊ चहा घेऊन गेला तेव्हा मोटार चालूच होती आणि पाट भरून वाहत होता.

त्या घरी आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, फ्यूज का गेला नाही?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तात्यांची काठी मात्र डोळ्यांसमोर आली. त्या दिवशी हसलो याची आजही लाज वाटते.

पंचनामा वगैरे सोपस्कार झाल्यावर आम्ही कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातील इंजिनिअर व एका अनुभवी वायरमनला घेऊन ती खोली पाहिली. खाली डीपीवरून वीज बंद करून घेतली होती. डबा उघडल्यावर पाच मिनिटांत सगळे उलगडले. खोलीत उजेड हवा म्हणून कोणीतरी बल्बची एक तार मोटारीच्या फ्यूजच्या मागून काढली होती. दुसरी तार न्यूट्रलला न जोडता डब्याच्या अर्थिंगच्या बोल्टाखाली दाबली होती. न्यूट्रल दूर होते, अर्थिंग हाताशी होते. बल्ब लागला आणि सर्वांचे समाधान झाले. पुढे कित्येक महिने त्या बल्बची वीज डब्याच्या पत्र्यातून अर्थिंगच्या तारेत आणि तिथून जमिनीत जात होती. ती अर्थिंगची तार जमिनीत शिरते तिथेच गंजून तुटलेली आढळली.

आता त्या रात्री काय झाले ते पाहा. अर्थिंगची तार तुटली, म्हणून बल्ब विझला. पण बल्बच्या तारेतून येणारा फेज कुठेही गेला नव्हता. तो बल्बच्या फिलामेंटमधून डब्याच्या पत्र्यावर येऊन उभा होता. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध फार तर चाळीस-पन्नास ओहम असतो, आणि ओल्या पायांच्या माणसाचा हजारभर. म्हणजे २४० व्होल्टचा जवळजवळ सगळा भार माणसावर आला. त्याच्या अंगातून गेलेला प्रवाह पाव अँपिअरही नसेल. छातीतून एक-दशांश अँपिअर गेला तरी माणूस जातो. आणि फ्यूज होता तीस अँपिअरचा. पाव अँपिअर गेल्याचे त्याला कळणार तरी कसे?

त्या वडिलांना हे उत्तर आम्ही अजून नीटपणे देऊ शकलेलो नाही. म्हणून ते येथे लिहीत आहोत.

तात्यांच्या डब्याची गोष्ट याच जातीची होती. "डबा चावतो" हे वाक्य आम्ही नंतर प्रत्येक गटात ऐकले. कोणी काठी वापरतो, कोणी पायाखाली कोरडी फळी किंवा प्लॅस्टिकचे पोते घेतो, कोणी रबरी चप्पल घालूनच बटणाला हात लावतो. डबा चावतो म्हणजे वीज नको त्या वाटेने पत्र्यावर आलेली आहे आणि तिला जमिनीत जायला पुरेशी वाट नाही. आज अर्थिंगची तार अर्धी शाबूत आहे म्हणून मुंग्या येतात. ती पूर्ण तुटेल त्या दिवशी काय होते ते वर सांगितले आहे.

इंजिनिअरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला मिल हाऊसच्या पॅनेलसमोर उभे केले. गाळप बंद होते, ओव्हरहॉलिंग चालू होते, त्यामुळे पॅनेल निवांत उघडता आले. आपण कारखान्यात येता तेव्हा ही राखाडी कपाटांची रांग पाहिली असेल. बाहेरून ती गोदरेजच्या कपाटासारखी दिसते. आतली मांडणी मात्र आपल्याला फार ओळखीची आहे, कारण ती पाटपाण्याचीच आहे.

मुख्य पाटातून दंडात, दंडातून सरीत पाणी जाते. प्रत्येक ठिकाणी दार असते. सरी चार बोटांची असेल तर तिच्या तोंडाशी तेवढेच दार ठेवावे लागते. मुख्य पाट थेट सरीत सोडला तर सरी फुटणारच. पॅनेलमध्येही तसेच. एका टोकाला सगळी वीज आत घेणारा मोठा स्विच. त्याच्यापुढे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, त्यांना बसबार म्हणतात. हा मुख्य पाट. लाल, पिवळा, निळा असे तीन फेज आणि एक न्यूट्रल. या पट्ट्यांवरून प्रत्येक मोटारीसाठी वेगळी वाट निघते, आणि जिथे ती निघते तिथेच तिचे दार असते. म्हणजे तिचा स्वतःचा फ्यूज किंवा ब्रेकर. पुढची केबल जेवढी सोसेल त्या मापाचा. मोठ्या केबलला मोठा, बारीक तारेला बारीक. प्रत्येक मोटारीचा कप्पाही वेगळा, मध्ये पत्रा. एका कप्प्यात ठिणगी पडली तर शेजारच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून. स्विच चालू असेपर्यंत कप्प्याचे दार उघडत नाही, अशी खिट्टी आतून असते.

इंजिनिअर म्हणाले, "फ्यूज हा मोटारीचा राखणदार नव्हे, तारेचा राखणदार आहे." हे वाक्य आम्ही डायरीत लिहून घेतले. आपल्याकडे सर्वांचा समज उलटा असतो, आमचाही होता.

आता आपल्या विहिरीवरच्या खोलीकडे या. मोटारीसाठी तीस अँपिअरचा किटकॅट फ्यूज आहे. त्याच्या मागून बल्बसाठी तार काढली, मोबाईलच्या चार्जिंगसाठी सॉकेट काढले, कडबाकुट्टीसाठी आणखी एक वाट काढली. बल्बची तार एक चौरस मिलिमीटरची, तिची ताकद दहा-बारा अँपिअर. तीस अँपिअरचा तारेचा फ्यूज वितळायला साधारण दुप्पट, म्हणजे साठाच्या आसपास अँपिअर लागतात. या बारीक तारेला कुठे उंदराने कुरतडले आणि चाळीस अँपिअर वाहू लागले, तर आधी ती तारच जळेल. फ्यूज मजेत राहील. सरीच्या तोंडाला मुख्य पाटाचे दार बसवल्यासारखा हा प्रकार. बल्ब हवा, सॉकेट हवे, जरूर घ्या. पण त्यांची वाट मेन स्विचनंतर वेगळी काढावी, तिला सहा अँपिअरची स्वतंत्र एमसीबी बसवावी, आणि परतीची तार न्यूट्रललाच जोडावी. अर्थिंगला कधीही नाही. ही एक गोष्ट पाळली असती तर तो मुलगा आज पाणी पाजत असता.

फ्यूजच्या तारेविषयी काय सांगावे? आम्ही पाहिलेल्या डब्यांत केबलचे पदर पिळून घातलेले होते, सायकलची स्पोक होती, एका ठिकाणी खिळा होता. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला कलई केलेली तांब्याची तार साधारण अर्ध्या मिलिमीटरची लागते, तीस अँपिअरला पाऊण ते एक मिलिमीटरच्या मधली. हे इतके बारीक माप आहे. तीन पदर पिळून घातले की फ्यूज हा फ्यूज राहत नाही, नुसता पूल होतो. "वारंवार फ्यूज जातो म्हणून जाड घातली," असे सांगणारे सभासद भेटले. बैल लंगडतो म्हणून आपण त्याच्या पायाकडे बघतो. फ्यूज वारंवार जात असेल तर केबल, मोटारीचे वाइंडिंग, पंपाचे बेअरिंग यांत काहीतरी आहे, ते शोधावे.

फ्यूज साधा किटकॅटचा की नळीचा, हाही प्रश्न आहे. शंभर केव्हीएच्या डीपीजवळ सरळ शॉर्ट झाला तर क्षणभर सुमारे तीन हजार अँपिअर वाहू शकतात. एवढ्या प्रवाहात उघडी तार वितळते, पण तिच्या जागी पेटलेली ठिणगी विझत नाही आणि चिनी मातीचा तुकडा तोंडावर उडू शकतो. एचआरसी फ्यूजमध्ये तार चिनी मातीच्या नळीत गारेच्या वाळूत बसवलेली असते. वाळू ठिणगीला गिळते. मोठ्या मोटारींना आणि उपसा योजनांना हाच फ्यूज लावावा. तो जळाला की नवा घालावा लागतो, तार गुंडाळता येत नाही. हा त्याचा दोष नसून गुण आहे.

उपसा योजनेचा उल्लेख आलाच आहे, तर एक हकिकत सांगतो. नदीवर पन्नास अश्वशक्तीच्या दोन मोटारी चालत होत्या. लाभक्षेत्र वाढले म्हणून तिसरी घेतली. पॅनेलमध्ये तिसऱ्या मोटारीसाठी जागा आणि बसबारवरून वेगळी वाट करायला खर्च होता. म्हणून तिसरीची केबल दुसरीच्या स्विचच्या वरच्या टर्मिनलातच दाबली. पन्नास अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर पासष्ट-सत्तर अँपिअर घेते. म्हणजे बसबारपासून त्या स्विचपर्यंतच्या जोडणीतून सत्तरच्या जागी एकशेचाळीस अँपिअर वाहू लागले. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हा हिशेब मांडणाऱ्यांच्या ध्यानात आला नव्हता. चैत्र कसाबसा निघाला. वैशाखात टर्मिनल वितळले, बसबारला झळ लागली आणि तिन्ही मोटारी बंद पडल्या. दुरुस्ती होईपर्यंत त्या पट्ट्यातल्या उसाला एक पाळी मिळाली नाही आणि दुसरी अर्धीच मिळाली. कांड्या कशा आखूड पडल्या ते तोडणीला सर्वांनी पाहिले. वाचवलेले पैसे आणि गेलेले टनेज यांची बेरीज-वजाबाकी त्या सभासदांनी स्वतःच केली आहे, आम्ही सांगायला नको.

तिथे मोठ्या प्रमाणावर झाले तेच आपल्या डब्यात लहान प्रमाणावर होते, ते ढिल्या जोडणीमुळे. एका स्क्रूखाली एक-दशांश ओहम इतका जरी रोध तयार झाला, तरी पंधरा अँपिअरला तिथे बावीस-तेवीस वॅट उष्णता निघते. म्हणजे एक छोटी सोल्डरिंगची काडी तिथे आठ-आठ तास पेटत ठेवल्यासारखे. स्क्रूजवळचे प्लॅस्टिक तपकिरी झाले, तारेचे आवरण कडक होऊन तडकले, डब्यातून माशासारखा कुबट वास आला, की जोडणी ढिली आहे हे ओळखावे. ॲल्युमिनियमची तार पितळेच्या टर्मिनलात नुसती पिळून आवळली तर ती हळूहळू दबते, तिच्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत ढिली होते. योग्य मापाचा लग दाबून घ्यावा. वर्षातून एकदा, लागणीच्या आधी, सगळे स्क्रू वायरमनकडून आवळून घ्यावेत. मेन बंद करून, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण मेन बंद केल्यावरही त्याच्या वरच्या बाजूच्या टर्मिनलात वीज असतेच, आणि कपॅसिटर असेल तर तो बंद केल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. कारखान्यात काम करणारा माणूस स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो. आपल्याकडचे जुने वायरमन तिन्ही किटकॅट काढून खिशात घालतात, तेही शहाणपणाचेच आहे. खोलीत "ऑटो" बसवलेला असेल तर फार जपावे. वीज आली की तो कोणाला न विचारता मोटार सुरू करतो. फूटव्हॉल्व्हचा गाळ काढायला कोणी विहिरीत उतरले असेल, हे त्याला ठाऊक नसते.

आता मोटारीच्या राखणदाराकडे. मोटार सुरू होताना सहा-सात पट प्रवाह ओढते, तेवढ्यात फ्यूज जाऊ नये म्हणून तो मोठा ठेवावा लागतो. मग मोटारीवर जादा भार आला तर ते पाहणार कोण? त्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. त्याच्यावर एक छोटी चकती आणि अँपिअरचे आकडे असतात. मोटारीच्या पाटीवर जो पूर्ण भाराचा अँपिअर लिहिला आहे, त्यावर ती चकती ठेवावयाची. दहा अश्वशक्तीची साधी मोटार सुमारे पंधरा अँपिअर घेते, पाणबुडी थोडे अधिक. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मात्र एक मेख आहे, ती पुष्कळ वायरमनांनाही माहीत नसते. त्यात रिले बहुतेक वेळा मोटारीच्या वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला असतो, आणि तिथून पूर्ण प्रवाहाच्या शेकडा ५८ इतकाच प्रवाह जातो. वीस अश्वशक्तीची मोटार अठ्ठावीस अँपिअर घेत असेल तर रिले सोळावर ठेवला पाहिजे. तो अठ्ठावीसवर ठेवला तर मोटार अठ्ठेचाळीस अँपिअर ओढेपर्यंत रिले झोपून राहील. "रिले असूनही मोटार जळाली" असे म्हणणाऱ्या दोन सभासदांच्या डब्यात आम्हाला नेमके हेच दिसले.

एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर चालणारी मोटार तेवढ्याच कामाला पावणेदोन पट प्रवाह ओढते. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मिळतो. तो बसवावा, आणि बसवल्यावर तारेने बायपास करू नये. दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार ओढण्याचा प्रकार सर्रास चालतो. उसाची तहान आम्हालाही कळते, पण रिवाइंडिंगच्या दुकानातली गर्दी त्यातूनच होते एवढे सांगून पुढे जातो.

अर्थिंगविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मूळ प्रश्न तोच होता. अर्थिंग असले की फ्यूज जातोच, असे आपण धरून चालतो. तसे नसते. समजा मोटारीचे वाइंडिंग जळून फेज पत्र्याला लागला. आपल्या अर्थिंगचा रोध पाच ओहम आणि डीपीकडचा पाच ओहम, मिळून दहा. २४० व्होल्टला दहाने भागले, चोवीस अँपिअर आले. तीस अँपिअरचा फ्यूज चोवीसला जात नाही. उन्हाळ्यात जमीन वाळली आणि आपला रोध वीसवर गेला, तर प्रवाह दहाच्या आसपास येतो. तेव्हा पत्र्यावर वीज तशीच उभी राहते आणि पाणी पाजणाऱ्याला वाटते, अर्थिंग आहे, भिण्याचे कारण नाही.

म्हणून चांगले अर्थिंग तर हवेच. अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइप असेल तर तो गॅल्व्हनाइज्ड, सुमारे दीड इंची आणि किमान अडीच मीटर लांबीचा, ओल टिकेल अशा ठिकाणी पुरलेला असावा. तार दिसती ठेवावी, म्हणजे तुटली तर कळेल. आणि जमिनीत शिरते तिथे दरवर्षी उकरून पाहावी. विहिरीच्या पाइपला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे, विशेषतः हल्लीच्या पीव्हीसी पाइपांच्या काळात. पण अर्थिंगच्या जोडीला माणसासाठी वेगळा राखणदार पाहिजे, आणि तो म्हणजे आपले वायरमन ज्याला ईएलसीबी म्हणतात तो स्विच. नवीन नाव आरसीसीबी. तो किती वीज गेली ते मोजत नाही. गेली तेवढी परत आली का, एवढेच पाहतो. चिठ्ठीवरील वजन आणि काट्यावरील वजन जुळते का पाहणाऱ्या आपल्या केनयार्डच्या कारकुनासारखा. तीस मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या तेहेतिसाव्या भागाइतका फरक आढळला तरी तो क्षणार्धात वीज तोडतो. त्या मुलाच्या अंगातून गेलेला प्रवाह याच्या कित्येक पट होता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या खोलीतही पूर्वी असा स्विच होता. भिंतीवर त्याचे ठसे होते. "सारखा पडतो" म्हणून तो काढून टाकला होता. पडणारच. बल्बची वीज अर्थिंगमधून जात होती, परत येत नव्हती. स्विच बरोबर होता आणि तो रोज तेच सांगत होता. पाणबुडीच्या लांब, जुन्या केबलमुळे थोडी गळती होऊन तो कधीकधी पडतो हे खरे. तेव्हा केबल आणि जोड तपासावेत. मोटारीची आणि बल्ब-सॉकेटची वाट वेगळी करून दोन स्विच लावण्याचाही उपाय आहे. फार तर टन-दीड टन उसाच्या पैशांत ही गोष्ट बसते.

कारखान्याच्या पॅनेलमधली आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. तिथल्या बटणांत ४१५ व्होल्ट नसतात. लहान ट्रान्सफॉर्मर लावून बहुधा ११० व्होल्टच दिलेले असतात. आपल्या शेतावरच्या साध्या स्टार्टरमध्ये मात्र हिरव्या-तांबड्या बटणामागे दोन फेजचे ४१५ व्होल्ट थेट असतात. म्हणून बटणाचे फुटलेले टोपण, उघडे झाकण, चिंधी कोंबलेले भोक यांकडे दुर्लक्ष करू नये. भोकांतून पाली शिरतात आणि दोन फेजच्या मध्ये बसून स्वतःही जातात आणि स्टार्टरही नेतात. केबल आत घेताना ग्लँड लावावा, उरलेली भोके बंद करावीत. गांधीलमाशांचे पोळे असेल तर आधी ते काढावे, नाहीतर वायरमन डब्याला हातच लावत नाही!

आणि डीपीवर चढू नये. बोर्डाचे नाव जाऊन २००५ साली महावितरण झाले, तरी आपण अजून "बोर्ड"च म्हणतो, तसेच डीपी "आपलीच" समजतो. तिथला फ्यूज टाकणे हे लाइनमनचे काम आहे. पाळी चुकेल म्हणून मध्यरात्री पोराला चढवू नका.

तात्यांकडे आम्ही दसऱ्याच्या आधी पुन्हा गेलो. बरोबर वायरमन होता. डबा उघडला. बल्बची एक तार फ्यूजमागून आणि दुसरी अर्थिंगच्या बोल्टाखाली, अगदी तसेच निघाले. अर्थिंगच्या तारेचा एक पदर कसाबसा धरून होता. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाला हाक मारून म्हणाले, "बघून ठेव रं. पुन्हा असं कुणी जोडाय लागलं तर हात धर." दोन तासांत बल्बची वाट वेगळी झाली, नवा पाइप पुरला, ईएलसीबी बसला. मग तात्यांनी डब्यावर पालथा हात ठेवून पाहिला आणि बटण बोटाने दाबले. आम्ही ती काठी बाहेर टाकायला उचलली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब, सापाला लागती."

गटवार तपासणीविषयी सूचना: ज्या सभासदांना आपल्या मोटारीचा डबा तपासून घ्यावयाचा आहे, त्यांनी आपल्या गट ऑफिसमध्ये चिटबॉयकडे नाव नोंदवावे. नोंद करताना मोटारीच्या पाटीवरील अश्वशक्ती व अँपिअर, स्टार्टर साधा की स्टार-डेल्टा, आणि डब्यातून मोटारीखेरीज आणखी काय काय जोडले आहे, हे लिहून आणावे. ज्यांचा डबा "चावतो" त्यांनी नावापुढे तसे स्पष्ट लिहावे, त्यांच्याकडे आधी येऊ. तोपर्यंत त्या डब्याची मेन बंद ठेवावी. उसाला चार दिवस उशिरा पाणी मिळाले तर त्याचे काय करायचे ते आम्ही येऊन सांगू.

— ऊस विकास अधिकारी